व्यायामाचे औषध आणि कर्जाचा हप्ता

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्याकडे जत्राच असते. केसपेपरची रांग दारातल्या लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली असते. त्या गर्दीतून सव्वीस वर्षांचा एक मुलगा समोर येऊन बसला. वालचंदनगरजवळच्या एका वस्तीवरचा. रुंद खांदे, पोटावर तोळाभर चरबी नाही. असा गडी दवाखान्यात आला की बाकावरची म्हातारी माणसे त्याच्याकडे बघून हसतात, 'तुला रे काय धाड भरलीय?'

त्याची तक्रार होती छातीत धडधडण्याची. नाडी मिनिटाला ११२, रक्तदाब १५०/९६. ईसीजीत वेग सोडला तर दोष नव्हता. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक. मग नेहमीचे प्रश्न सुरू केले. तंबाखू? नाही. दारू? नाही. झोप?

"साडेचार तास, सर."

पहाटे पाच ते दहा एका जिममध्ये ट्रेनर. अकरा ते चार शाळेत तासिका तत्त्वावर खेळाचा शिक्षक. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पोलीस भरतीच्या अकॅडमीत मुलांना पळवायचे. आठ ते दहा पुन्हा जिम. पहाटे डोळे उघडत नाहीत म्हणून 'प्री-वर्कआउट' पावडरचे दोन चमचे आणि दुपारी शाळेत पेंग येते म्हणून आणखी एक.

"अरे, एवढे कशासाठी?"

"हप्ता आहे सर."

पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी दवाखान्यात काढली. मीठ किती खाता, बिड्या किती ओढता, चालता किती, हे हजारो लोकांना विचारले. कर्ज किती आहे, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. त्याने बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली होती. फी, खोलीभाडे आणि मेस मिळून तीन लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले होते.

पंधरा दिवसांनी तो तपासणीला आला तो आई आणि धाकट्या बहिणीला घेऊन. बहीण शाळेपासून आठशे मीटर पळणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्याचं फेडून होईना, आन् हिलाबी तेच शिकायचंय. तुमीच सांगा काय ते." मुलगी काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिला मी तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. त्यासाठी जी माहिती गोळा केली, ती दोघा भावंडांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून इथे मांडतो. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात, आणि राज्यभरातही, मैदानावर चमकलेली शेकडो मुले दर वर्षी याच वळणावर उभी राहतात.

औषध आहे, देणारा नाही

आधी माझ्या बाजूची कबुली. त्याच सोमवारी मी मधुमेह आणि रक्तदाबाच्या निदान वीस रुग्णांना 'रोज व्यायाम करा' असे सांगितले होते. केसपेपरवर तसे लिहिलेही होते. कोणता व्यायाम, किती, गुडघा दुखत असेल तर कसा, शुगर उतरली तर काय करायचे, हे सांगायला माझ्याकडे प्रत्येकी अर्धे मिनिटही नव्हते. आमच्या कक्षात डॉक्टर आहे, परिचारिका आहे, समुपदेशक आहे. व्यायाम करून दाखवणारा माणूस नाही.

आणि व्यायाम हे खरेखुरे औषध आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात माफक घट एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईत ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जीवनशैलीतील बदलाने हा धोका २८.५ टक्क्यांनी घटला.

अमेरिकेच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आम्ही डॉक्टर सांगायचे विसरतो. तिथे रुग्णाला नुसते 'चाला' म्हणून घरी पाठवले नव्हते. प्रत्येकामागे एक प्रशिक्षित मार्गदर्शक होता आणि त्याने पहिल्या सहा महिन्यांत सोळा पाठ समोर बसून घेतले होते. गुण आला तो व्यायामाचा, आणि तो शिकवायला पगारी माणूस होता म्हणून आला.

आपल्याकडे गरज किती मोठी आहे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ज्याचे कौशल्य या आजारांवर हवे, तोच मुलगा माझ्यासमोर रुग्ण म्हणून बसला होता.

पीटीचे सर कुठे गेले?

माझ्या पिढीच्या आठवणीतले पीटीचे सर कायमस्वरूपी नोकरीतले असत. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. पगार इतर शिक्षकांएवढाच. त्यांनी घर बांधले, मुले शिकवली, निवृत्तिवेतन घेतले. आजही मुलगा 'बी.पी.एड. करतो' म्हणाला की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे तेच सर उभे राहतात. कर्जाच्या कागदावर सही होते ती त्या चित्रावर विसंबून.

मधल्या काळात चित्र बदलले. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला. म्हणजे एका वर्षाची फी, एका वर्षाचे खोलीभाडे वाढले आणि कमाई एक वर्ष पुढे गेली. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरच्या वर असेल तिथे, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला शिक्षक सांगितला, पण 'अंशकालीन' निदेशक. २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरती थांबवली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' प्रणाली आली. त्यानंतरची चाचणी झाली थेट २०२३ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ पदवीधर वाट बघत होते. वाट बघताना वय थांबत नाही आणि बँकेचे व्याजही थांबत नाही.

ज्याला अनुदानित जागा मिळते त्याचे गणित बरे बसते. आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिकला त्याचे मानधन २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये आहे, त्याआधी ते ८,००० होते. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. इथवर पोहोचलेल्याला तीन लाखांचे कर्ज जड नाही. प्रश्न आहे तो न पोहोचलेल्यांचा.

तीन कामांची एक नोकरी

माझ्या रुग्णाच्या कमाईचा हिशेब आम्ही केसपेपरच्या मागच्या बाजूला मांडला. जिमचे ९,००० रुपये. शाळेच्या तासिकांचे, शाळा चालू असेल तर, साधारण ५,०००. भरती अकॅडमीचे ६,०००. सगळे जमले तर महिना वीस हजार. मे महिन्यात शाळा बंद, की पंधरा हजार. कोणत्याही कामात भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. घोटा मुरगळला तर त्या महिन्याचे उत्पन्न मुरगळले.

या धंद्यातला हा मोठा धोका बाहेरच्याला दिसत नाही. शरीर हेच इथले अवजार. चाळिशीत गुडघ्याची गादी झिजली किंवा कमरेची नस दबली तर कारकुनाचे काम थांबत नाही, ट्रेनरचे थांबते. आणि कर्ज जर पंधरा वर्षांचे असेल तर ते त्याच चाळिशीपर्यंत सोबत येते.

आता कर्जाचा हिशेब. समजा, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी दर वर्षी दीड लाख असे तीन लाख उचलले आणि व्याज १० टक्के आहे. शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. मुलांना वाटते, तेवढे दिवस कर्ज झोपलेले असते. तसे नसते, सरळव्याज चालूच असते. पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचे ४५,००० आणि दुसऱ्या दीड लाखावर दोन वर्षांचे ३०,०००. परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज तीन लाखांचे नाही, पावणेचार लाखांचे असते.

ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,२२५ रुपये. एकूण भरणा ५ लाख २३ हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ४,०३० पर्यंत उतरतो, पण एकूण भरणा सव्वासात लाखांच्या वर जातो.

माझा रुग्ण सात वर्षांच्या हिशेबावर होता. दोन वर्षे एकही हप्ता न चुकवता त्याने जवळजवळ दीड लाख भरले होते. बाकी किती? सुमारे २ लाख ९३ हजार. म्हणजे दोन वर्षे साडेचार तास झोपून तो जवळपास तिथेच होता, जिथून निघाला होता. आकडा मांडून झाल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. त्याच्या आईने विचारले, "म्हंजी अजून तेवढंच हाय का?" त्यावर मला काही बोलता आले नाही.

कर्ज शरीरात कसे उतरते

एवढे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर आरोग्याच्या सदरात बँकेचे काय घेऊन बसले? याचे कारण हप्ता शरीरात उतरतो, आणि तो कसा उतरतो हे त्या ईसीजीच्या कागदावर मी पाहिले.

पहिली झोप जाते. रोज पाच तासांपेक्षा कमी झोपणाऱ्याचा रक्तदाब वाढतो, साखरेवरचा ताबा सुटतो, चिडचिड वाढते. झोपेची उणीव भरायला उत्तेजक येते. एक कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते. प्री-वर्कआउटच्या एकाच चमच्यात ते १५० ते ३०० मिलिग्रॅम असू शकते. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे मानतात. आमचा गडी तीन चमचे घेत होता. धडधडेल नाही तर काय!

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. पगार तोकडा पडला की काही ठिकाणी पावडरच्या डब्यांच्या विक्रीवरचे कमिशन पगाराचा भाग होऊन बसते. सगळेच ट्रेनर असे करतात असे मुळीच नाही. पण हप्त्याची तारीख जवळ आलेल्या पोराला 'डबा विकू नकोस' हे सांगणे सोपे आणि त्याने ते पाळणे अवघड. त्याच वाटेने पुढे अॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने येतात. झटपट दंड फुगतात, पण वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, वाईट कोलेस्टेरॉल वाढते, यकृत आणि हृदयाला इजा होते. लग्नाला दोन वर्षे झाली, मूल होत नाही, म्हणून आलेल्या तरुणाला हल्ली मी न चुकता विचारतो, 'जिममध्ये कधी इंजेक्शन घेतले होते का?'

तिसरे, मन. ज्याच्याकडे लोक 'फिट' म्हणून बघतात त्याला 'मला झोप लागत नाही, धास्ती वाटते' हे सांगायची लाज वाटते. वडिलांनी जामीन म्हणून सही केलेली असेल तर धास्ती दुप्पट. अशा वेळी घरच्यांनी हप्त्याचा विषय टाळू नये. आधी झोप आणि जेवण विचारावे, मग हिशेब. जगणे नकोसे वाटते असे तो बोलला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. 'टेलिमानस'ची मोफत मदतवाहिनी १४४१६ रात्रंदिवस चालू असते, आणि सरकारी दवाखान्याचे दार तर उघडेच आहे.

कारखान्याचे गाव आणि पगाराचा आकडा

वालचंदनगरचे उदाहरण मला इथे मुद्दाम द्यावेसे वाटते. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात नीरा खोऱ्यात, कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि आता तर इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणेही तिथे घडतात. कारखान्याच्या गावाला एक सवय असते. फिटरला किती, वेल्डरला किती, टर्नरला किती, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. मुलाला आयटीआयला घालण्याआधी बाप चावडीवर चार लोकांना विचारून येतो. पदवीच्या बाबतीत मात्र तोच बाप काही विचारत नाही. 'डिग्री आहे, काहीतरी होईल' म्हणतो आणि सही करतो.

परदेशांत हे विचारायची सोय सरकारने केली आहे. अमेरिकेत २०१५ पासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाने अशी माहिती सर्वांसाठी खुली आहे. कोणत्या महाविद्यालयातून कोणता विषय शिकलेल्यांची मधली कमाई किती आणि डोक्यावरचे कर्ज किती, हे शारीरिक शिक्षण आणि फिटनेसच्या पदव्यांसाठीही तिथे पाहता येते. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे सरकारी कर्ज त्याचे वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेल्यावरच वसूल होऊ लागते, तेही वरच्या रकमेच्या नऊ टक्के. कमाई घटली की वसुली आपोआप थांबते. आपल्याकडे हप्ता ठरतो तो कर्जाच्या रकमेवर. मे महिन्यात शाळा बंद असते, हे हप्त्याला माहीत नसते.

सरकारने अशी माहिती गोळा करून प्रसिद्ध करावी, ही मागणी रास्त आहे. पण ती पुरी होईपर्यंत चावडीवरची जुनी पद्धत आपल्या हातात आहे.

सही करण्याआधी

त्या मुलीला मी जे सांगितले ते असे.

महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का, हे आधी पाहा. मान्यता नसलेली पदवी शिक्षकाच्या नोकरीत चालत नाही. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो आणि त्यात मैदानी चाचणीही असते. पळणाऱ्या मुलीला इथे खरा फायदा आहे. अर्ज भरताना शासकीय आणि अनुदानित महाविद्यालये वर ठेव. खासगी महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते. पत्रकावरची फी आणि ती फी ताडून बघ.

कर्जाआधी सवलत शोध. महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या असतात. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळते. आपला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्यात बसते का, हे लेखी विचारून घे.

त्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणांना गाठ. प्राध्यापकांनी दाखवलेले नकोत, तू शोधलेले हवेत. आज काय करता, हातात किती येतात, मे महिन्यात किती येतात, एवढे तीनच प्रश्न विचार.

हप्ता आधी काढ, कर्ज नंतर. सुरुवातीच्या वर्षात मिळेल अशा कमाईच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नको. पंधरा हजारांची शक्यता दिसत असेल तर पावणेचार हजारांच्या वरचा हप्ता झेपणार नाही. शिकत असताना महिन्याला हजार-बाराशे व्याजापोटी भरता आले तर जरूर भर. ते मुद्दलात मिसळले की महाग पडते. आणि फीसाठी खासगी सावकार किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपकडे मुळीच जाऊ नकोस. राष्ट्रीयीकृत बँकेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही.

पदवीच्या जोडीला एक हातकौशल्य घे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षक अभ्यासक्रम आहेत, त्यांत सहा आठवड्यांचाही आहे. वृद्धांचा व्यायाम, मधुमेहींचा व्यायाम, बाळंतपणानंतरचा व्यायाम, हे शिकलेला माणूस तालुक्याच्या गावात शोधून सापडत नाही. स्त्रियांना शिकवणारी स्त्री तर नाहीच. मात्र आपली हद्द ओळख. दुखणे बरे करणे हे फिजिओथेरपिस्टचे काम आणि औषध बदलणे डॉक्टरचे.

ज्यांचे कर्ज आधीच चालू आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट. हप्ता थकणार असे दिसले की थकण्याआधी बँकेत जा. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादित ठरते आणि मग बोलण्याची जागा कमी होते. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळात परतफेड पुढे ढकलण्याची आणि मुदत वाढवण्याची तरतूद आहे. ती मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

पुढे काय झाले

त्या मुलाने प्री-वर्कआउट बंद केले. बँकेत जाऊन मुदत वाढवून घेतली. एकूण जास्त भरावे लागेल हे समजून उमजून घेतली, कारण हप्ता कमी झाला तरच रात्रीची जिम सोडता येणार होती. तीन महिन्यांनी नाडी ७८, रक्तदाब १२८/८२, झोप सहा तास. एकही गोळी न लिहिता.

रिकाम्या झालेल्या वेळात तो आठवड्याचे पाच दिवस एका मैदानावर पंधरा-सोळा मधुमेही आणि रक्तदाबाच्या लोकांचा व्यायाम घेतो. माणशी महिना तीनशे रुपये. बहुतेक जण माझ्याच ओपीडीतले. कोणाला किती चालेल हे मी केसपेपरवर लिहून देतो, बाकी तो बघतो. यातून चार-साडेचार हजार होतात. यावर कोणी घर बांधणार नाही. पण 'व्यायाम करा' या माझ्या दोन शब्दांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पत्ता मिळाला. त्यातल्या बेलवाडीच्या एक मावशी पालखीचे रिंगण बघायला दर वर्षी गाडीवर बसून जायच्या, यंदा चालत गेल्या. त्याचे त्यांना अजून कौतुक आहे.

आपल्या गावात, सोसायटीत असा शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर दहा-पंधरा जणांनी मिळून त्यांना कामाला लावा. शुगरच्या गोळ्यांना महिन्याला जे देता त्याहून हे महाग पडणार नाही. गोळ्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आणि बहीण? ती पाच जणांना भेटून आली. वहीत लिहून आणले होते. दोघे भरती अकॅडमीत, एक पोलीस शिपाई, एक शिक्षणसेवक, एकजण व्यवसायच सोडून साखर कारखान्याच्या ऑफिसात. "पाचातला एकच वर्गावर आहे, सर," ती म्हणाली. मला वाटले, आता विचार बदलेल. तिने बदलला नाही. फक्त अट घातली: अनुदानित महाविद्यालयात नंबर लागला तरच जायचे, नाहीतर वर्षभर पोलीस भरतीची तयारी करून पुन्हा सीईटी द्यायची. मेसपुरते कर्ज लागले तर साठ हजारांच्या वर नाही.

आईने विचारले, "साठच का गं?"

मुलीने हिशेबाचे पान पुढे केले. आकडेमोड तिने स्वतः केली होती. मी ती तपासली. बरोबर होती.